घोड्याच्या पायाखाली

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. शाळेच्या सहली तिथल्या औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबतात. मलिक अंबरच्या घुमटाकडे वळणाऱ्या थोड्याच. १६२६ साली वारलेला हा हबशी वजीर दख्खनी घोडदळाच्या युद्धपद्धतीचा एक मोठा जाणकार होता. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर मिळून चालून आले, तेव्हा त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाखालची जमीनच चिखल करून टाकली. घोडदळ निकामी करायचे तर आधी घोड्याखालची जमीन बिघडवावी, हे त्याने ओळखले होते. जे रणांगणावर तेच तबेल्यात. फरक इतकाच, की तबेल्यात जमीन बिघडवायला शत्रू लागत नाही. घोडा ते काम स्वतःच करतो.

चांगल्या वाढीचा घोडा दिवसाला पाच ते दहा लिटर मूत्र आणि पंधरा-वीस किलो लीद टाकतो. ठाणबंद घोडा त्यातच उभा राहतो. खूर आपल्या नखासारख्याच पदार्थाचा असतो. सतत ओला राहिला की तो मऊ पडतो. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खोबणीत लीद भरून हवा लागेनाशी झाली, की हवेविना वाढणारे जिवाणू तिथे कुजणे सुरू करतात. नालबंदाला हा वास बरोबर कळतो.

मग जमीन दगडासारखी कडक केली तर? इथे दुसरी अडचण येते. घोडा उभ्यानेच झोपतो असे आपण मुलांना सांगतो, पण ते अर्धेच खरे आहे. डुलकी तो उभ्याने घेतो. गाढ झोपेचा एक प्रकार मात्र त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यासाठी रोज निदान अर्धा तास तरी लागतो. जमीन टणक, निसरडी किंवा ओली असेल तर घोडा बसायचेच टाळतो. बसलाच तर कोपर घासून सुजते. म्हणजे जमीन कोरडीही हवी आणि मऊही, आणि या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने कडक जमिनीची बाजू घेतली. तबेल्याला उतार द्यावा, खुराएवढे दगड जवळजवळ बसवावेत, म्हणजे पाणी वाहून जाते आणि खूरही घट्ट होतात, असे तो सांगतो. हा सल्ला वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्याच्या घोड्यांना नाल नव्हते. लोखंडी नाल ठोकलेला घोडा गुळगुळीत दगडावर घसरतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात वेगळी निवड आहे. घोड्याच्या लांबीएवढी बाजू असलेले चौरस ठाण, खाली गुळगुळीत फळ्या, आणि मलमूत्र बाहेर जाण्याची सोय. मला यातली फळ्यांपेक्षा ही शेवटची सोय महत्त्वाची वाटते. मूत्रातल्या युरियाला स्वतःचा तिखट वास नाही. लिदीतल्या आणि मातीतल्या जिवाणूंचे युरिएज हे विकर त्याला भेटले, की अमोनिया सुटतो आणि तो घोड्याच्या डोळ्यांना व फुप्फुसांना झोंबतो. म्हणून मूत्र लिदीत मुरण्याआधी निघून गेले पाहिजे.

हे वर्गात दाखवता येते. युरिएज कच्च्या सोयाबीनमध्ये भरपूर असते. चमचाभर युरिया खत अर्धा पेला पाण्यात विरघळवा, भिजवून वाटलेले सोयाबीन त्यात घाला आणि हळदीच्या पाण्यात बुडवलेला ओला कागद झाकणाला आतून चिकटवून पेला झाका. काही तासांत कागद लालसर होईल. शेजारी सोयाबीन न घातलेला पेलाही ठेवावा.

दख्खनमध्ये पायाखाली काय होते? काळी माती पाण्याने फुगते आणि चिकटते, म्हणून ती कामाची नाही. बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम मात्र चोपला की घट्ट बसतो, आणि तरी पाणी धरून ठेवत नाही. त्यावर करडाचा किंवा वाळक्या गवताचा थर टाकायचा, सकाळी ओले काढून उन्हात पसरायचे आणि संध्याकाळी वाळलेले परत अंथरायचे. उन्हाने ओल जाते, वासही कमी होतो. हे सारे ऊन असेपर्यंत. पावसाळ्यात वाळलेले गवत म्हणजे सोनेच. १६७३-७४च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या दरबारातून चिपळूण भागातील लष्कराच्या अंमलदारांना गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळाभर पुरायचे दाणा-गवत आताच उधळलेत तर घोडी मरतील, असे त्यात बजावले आहे. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवत जळेल, हा इशाराही आहे. वैरणीलाच गवत जपून वापरायचे, तिथे अंथरायला किती उरणार?

ही जमीन रोज कोरडी ठेवणारे हात इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येतात. ऐन-ए-अकबरीत अबुल फझलने शाही तबेल्याच्या नोकरवर्गात झाडूवाल्यांचा वेगळा उल्लेख केला आहे, तेवढाच.

१८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि पुढे कोरडेपणा व मऊपणा एका पट्ट्यात आणण्याची वाट मोकळी झाली. आज तबेल्यासाठी जाड रबरी पट्ट्या मिळतात. त्या कोपर वाचवतात, गवताचा खर्च कमी करतात. पण रबर मूत्र शोषत नाही. सांध्यातून ते खाली झिरपते आणि तिथे, दृष्टीआड, तोच अमोनिया तयार होत राहतो. पट्टी घेणाऱ्याने आधी खालच्या जमिनीला उतार द्यावा, वर थोडा भुसा टाकावा आणि अधूनमधून पट्टी उचलून खाली वास घेऊन पाहावा.