एकरातून फुटात : आपल्या जिल्ह्यातल्या जमिनीच्या भावाची गोष्ट

आजकाल लग्नाच्या पंगतीत असो की रसवंतीवर, प्रश्न एकच. "तिकडं फूट काय चालू आहे?" बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, मेहकर, शेगाव, सगळीकडे तेच. पण आपल्या आजोबांना हा प्रश्न कळलाही नसता. त्यांची जमीन एकरात होती. ती फुटात कशी आली, ते बघू.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढं मुंबई पद्धतीनं मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले. 33 फुटांची साखळी, 33 बाय 33 चा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. भाव ठरायचा तो जमिनीच्या पोतावर आणि पाण्यावर. काळी कसदार जमीन महाग, मुरमाड स्वस्त. घराची जागा गावठाणात किंवा नझुलात. तिला फुटाचा भाव कोण विचारणार?

जमिनीचा भाव पिकावरून 'ठिकाणा'वर जायला सुरुवात झाली ती रेल्वेनं. 1867 पर्यंत भुसावळ-नागपूर लोहमार्ग झाला, मलकापूर, नांदुरा, शेगाव त्यावर आले. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि खामगाव कापसाची मोठी पेठ म्हणून गाजलं. स्टेशन आणि बाजाराजवळची जागा मोलाची झाली.

असंच पुन्हा घडलं समृद्धी महामार्गात. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून तो गेला. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. पण इंटरचेंजच्या आसपास दलालांच्या गाड्या त्याच्या कितीतरी आधी फिरत होत्या.

आता फुटाचं गणित बघा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. समजा एकराचा भाव 40 लाख. फुटाला पडले साधारण 92 रुपये. रस्ते, खुली जागा सोडून 60 टक्के विक्रीला उरलं, तर 153 रुपये. त्यावर अकृषक परवानगी, नाल्या, वीज यांचा खर्च. हाच प्लॉट 600 नं सांगितला, तर मधले पैसे कशाचे, हे विचारायचा हक्क घेणाऱ्याला आहे. फुटात सांगितलं की आकडा लहान दिसतो, एवढीच त्यातली गंमत.

खरी अडचण कागदाची. 1947 चा तुकडेबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. 2023 मध्ये मर्यादा कमी करून बहुतेक जिल्ह्यांत जिरायत 20 आर, बागायत 10 आर केली. आणि 1,200 फुटांचा प्लॉट म्हणजे जेमतेम सव्वा आरसुद्धा नाही! म्हणून मग पाच-सात जणांच्या नावानं एकच सातबारा, नाहीतर नुसती इसारचिठ्ठी. 2001 चा गुंठेवारी कायदा, 2021 ची त्याची मुदतवाढ, 2025 चा तुकडे नियमित करण्याचा निर्णय. दर वेळी सरकार मागून येतं. तोवर घर बांधलेलं असतं, पण बँक कर्ज देत नाही, नळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट. खरेदीखतात रेडी रेकनरचा भाव, उरलेले हातात. मुद्रांक वाचतो, घेणारा-विकणारा दोघंही खूश. पण 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला मोजतात तो मुद्रांकाच्या दरावरून किंवा मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून, जे जास्त असेल त्यावर. कागदावर गावाचा भाव आपणच पाडायचा आणि रस्ता आला की मोबदला कमी म्हणून उपोषणाला बसायचं. फटका बसतो तो ज्यानं एक गुंठाही विकला नाही त्या शेतकऱ्याला.

तेव्हा इसार देण्याआधी अकृषक आदेश, मंजूर ले-आऊट नकाशा, सातबारा-फेरफार आणि मोठा ले-आऊट असेल तर महारेराचा नंबर बघा. दलाल "नंतर होऊन जाईल" म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.

तुमच्या गावात पहिला ले-आऊट कधी पडला? तेव्हा फुटाचा भाव काय होता? घरात जुनं खरेदीखत असेल तर बघून कॉमेंटमध्ये साल आणि भाव टाका. जिल्ह्याचा हा इतिहास कुठं लिहिलेला नाही, तो आपल्याच पेटीत आहे.