ऐंशी रुपये आणि आठ लाख

लघुउद्योगांवरच्या कुठल्याही चर्चासत्रात बसा, तासाभरात कुणीतरी गिरगावातल्या त्या गच्चीवर येतोच. 15 मार्च 1959, सात जणी, उसने घेतलेले 80 रुपये आणि पापडांची पहिली चार पाकिटे. ‘लिज्जत’ची ही गोष्ट खरी आहे. तिच्यातून काढायचा निष्कर्षही ठरलेला असतो: माल चोख असला की तो आपल्या पायांनी बाजारात जातो. रंगीत पाकीट, लेबल, ब्रँड ही सगळी सोंगे, आणि त्यांवर सरकारने पैसा घालणे म्हणजे करदात्याच्या खर्चाने दुसऱ्याच्या पोराचे बारसे करणे.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. अनुदानातून आणलेला पल्व्हरायझर कारखान्याच्या प्लास्टिकसकट पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला मी पाहिला आहे. अनुदानासाठी उद्योग आणि अनुदान संपले की उद्योगाला कुलूप, हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. पण काही अनुदाने वाया गेली म्हणून लेबलावरचा पैसाच वाया, हे अनुमान टिकत नाही. आणि ज्या गोष्टीच्या आधाराने ते मांडले जाते, ती गोष्ट सांगणारे पहिल्या पानावरच थांबतात.

पुढची पाने अशी आहेत. पहिल्या वर्षी पावसाने पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाटेखाली. पावसाळा असा आटोक्यात आला. 1962 साली नावासाठी स्पर्धा घेतली, पाच रुपयांचे बक्षीस लावले आणि ‘लिज्जत’ हे नाव निवडले. म्हणजे ब्रँड हे सोंग आहे असे निदान त्या बहिणींना तरी वाटत नव्हते. तीन वर्षांतच त्यांनी बारसे उरकले. मग 1966. ढेबरभाई तेव्हा खादी व ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या सूचनेवरून संस्थेने आयोगाकडे अर्ज केला, सप्टेंबरमध्ये ग्रामोद्योग म्हणून मान्यता मिळाली, आणि 8 लाख रुपयांचे खेळते भांडवल व काही करसवलतीही मिळाल्या. 80 रुपयांच्या बरोबर दहा हजार पट. लिज्जत केवळ सरकारी पैशावर वाढली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्या बायकांच्या कष्टांचा अपमान ठरेल. पण ‘सरकारी मदतीवाचून’ या शब्दाचा दाखला म्हणून ती गोष्ट यापुढे चालणार नाही.

आता लेबलाकडे वळू. माझ्यासमोर एका प्रदर्शनातून आणलेल्या भाजणीच्या चकलीचे पाकीट आहे. चवीबद्दल विचारू नका, अर्धे पाकीट हे लिहिता लिहिताच संपले. पुढच्या बाजूला नऊवारीतली बाई आणि तुळशीवृंदावन. मागे पांढरा स्टिकर. त्यावर वजन छापलेले, किंमत बॉलपेनने लिहिलेली. उत्पादनाची तारीख तेलकट बोटाने पुसली गेली आहे, ‘फेब्रु’ एवढेच वाचता येते. परवान्याच्या 14 अंकी क्रमांकातला शेवटचा अंक स्टिकर कापताना गेला. बॅच क्रमांक नाहीच. चकली अशी की कुणीही पुन्हा मागावी, आणि पाकीट असे की कुठल्याही सुपरमार्केटच्या खरेदी विभागाने दारातूनच परत पाठवावे.

म्हणजे लेबल ही हौस नाही, ते सरकारचेच फर्मान आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे 2020 चे लेबलविषयक नियम आणि वजनमापे खात्याचे 2011 चे नियम एकत्र वाचा: घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्यांचा तक्ता, ॲलर्जीची सूचना, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच, तारखा, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. यातले एकही कलम अनाठायी नाही. ग्राहक म्हणून मला ते सगळे हवे आहे. पण त्याचा खर्च माल किती यावर अवलंबून नसतो. समजा प्रयोगशाळेची तपासणी, मांडणी आणि पहिली छपाई मिळून 30 हजार रुपये आले. महिन्याला 40 किलो चकली करणाऱ्या गटाला पहिल्या वर्षी किलोमागे साडेबासष्ट रुपये पडतील. महिन्याला 40 टन करणाऱ्या कारखान्याला सव्वासहा पैसे. एकच नियम, एकच तक्ता, आणि बोजा हजारपट. ज्याने नियम केला त्याने लहानाचा हा बोजा थोडा उचलला, तर त्याला भीक म्हणू नये.

शिवाय सरकार लेबलात आज नव्याने शिरलेले नाही. शेतमालाच्या प्रतवारीचा ॲगमार्कमागचा कायदा 1937 चा. लोणच्या-मुरंब्याच्या बाटलीवरचा एफपीओचा शिक्का 1955 च्या आदेशातला. आमच्या पिढीने तो पाहूनच बाटली उचलली. अनोळखी हातच्या खाण्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा, ही सार्वजनिक सोय आहे आणि तिला सार्वजनिक पैसा लागतो.

खरे भांडण पैसा कुठे पडतो याचे आहे, आणि तिथे मी योजनेच्या बाजूचाही नाही. जून 2020 मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पाच वर्षांची 10 हजार कोटींची योजना आणली. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. एकट्या उद्योजकाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. म्हणजे मुख्यतः यंत्राला. बचतगटाच्या सदस्याला खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी 40 हजार. ब्रँडिंग आणि विपणनाला 50 टक्के, पण फक्त गट, सहकारी संस्था आणि उत्पादक कंपन्यांना. त्यातही मूळ मार्गदर्शक सूचनांत अट अशी की उत्पादनाची उलाढाल किमान 5 कोटी हवी. 5 कोटींची चकली ज्याने विकली, त्याला बाजाराचा रस्ता दाखवायला निघालेल्या माणसाला काय म्हणावे?

चकलीला रोज नडते ते वेगळेच. पातळ पिशवीतून हवा आणि ओल आत जाते, तेल खवट होते. मेटलाइज्ड थराची पिशवी आणि आत नायट्रोजन भरला तर तीच चकली काही महिने कुरकुरीत राहते. पण छापील पिशवीसाठी दर रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि शंभर पिशव्यांसाठी कुणी यंत्र लावत नाही. टिकण्याची मुदत तर अनेकदा शेजारच्या पाकिटावर पाहून लिहिली जाते! तालुक्याला एक सामाईक पॅकिंग केंद्र असावे, तिथे लहान छपाई आणि टिकाऊपणाची चाचणी व्हावी. खर्च तिथे हवा. प्रदर्शनांना माझा विरोध नाही. मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात बचतगटांच्या बायका जोरात विकतात. पण प्रदर्शन म्हणजे जत्रा. जत्रा उठली की दुकान उठले.

कायमची विक्री हवी तर दुकानातच शिरावे लागते. तिथे बारकोड कायद्याने सक्तीचा नाही, तरी मोठी दुकाने तो मागतात. दुकानाला दिलेल्या मालाच्या पैशांचे म्हणाल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ते जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत. 1 एप्रिल 2024 पासून ते थकवणाऱ्याला प्राप्तिकरात त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. लहान उत्पादकाला हे माहीत असते, पण दुकानदाराला नोटीस पाठवायची म्हणजे दुकानाची फळी गमवायची.

तेव्हा 5 कोटींची अट काढून टाकावी आणि चाचणी व वेष्टनाचा पैसा एकट्या उत्पादकालाही मिळावा, एवढे सरकारला सांगणे. आणि गिरगावची गोष्ट सांगणाऱ्या वक्त्यांना विनंती: पुढच्या चर्चासत्रात 80 रुपयांवर थांबू नका, 1966 पर्यंत या.