एका शहरात दोन घड्याळं: बॉम्बे टाइमची गोष्ट

ऑफिसच्या लॅपटॉपवर कोपऱ्यातल्या घड्याळापाशी लंडन आणि न्यूयॉर्कची वेळही दिसेल अशी सोय तुमच्यापैकी अनेकांनी करून घेतली असेल. विंडोजमध्ये मूळ घड्याळाशिवाय आणखी दोन लावता येतात. पण मूळ वेळ बदलायला गेलात की अॅडमिनचा पासवर्ड मागतात. हे बघितलं की मला मुंबईतलं एक जुनं भांडण आठवतं. तिथेही प्रश्न हाच होता: घड्याळात कुठली वेळ दिसावी, हे कोणी ठरवायचं?

पूर्वी प्रत्येक शहराची वेळ आपापली असायची. सूर्य माथ्यावर आला की बारा. रेखांश एक अंशाने बदलला की वेळ 4 मिनिटांनी बदलते. त्या हिशोबाने मुंबई ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती, कलकत्ता 5 तास 53 मिनिटं. म्हणजे या दोन शहरांत तासाभराहून जास्त फरक!

मग आली रेल्वे. एकाच रुळावर धावणाऱ्या गाड्यांना प्रत्येक गावाची वेगळी वेळ कशी चालेल? रेल्वेने मद्रास टाइम घेतला. मद्रास साधारण मधलं पडत होतं आणि तिथे वेधशाळा होती. ही वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. मुंबईकरांनी ते स्वीकारलं. गाडी पकडायची तर रेल्वेचं घड्याळ, बाकी दिवस शहराचं. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने मद्रास टाइम शहरावरही लादून पाहिला, तेव्हा मात्र विरोध झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

खरी ठिणगी पडली 1906 मध्ये. 1 जानेवारीपासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेला इंडियन स्टँडर्ड टाइम लागू झाला. मुंबईचं घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढे!

तुम्ही म्हणाल, 39 मिनिटांचं काय एवढं? आता गिरणी कामगाराच्या जागी उभे राहा. जानेवारीत मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने साधारण सव्वासातला उगवतो. जुन्या बॉम्बे टाइमने तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असायचे. गिरणीचा भोंगा नव्या वेळेने त्याच आकड्याला वाजला, तर कामगाराला तेवढंच आधी, अंधारात घर सोडावं लागणार. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी काम थांबवलं, गिरण्यांवर दगड पडले. शहरात 15,000 हून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. वेळही लक्षात घ्या. 1905 च्या ऑक्टोबरमध्येच बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची हवा होती. न विचारता आलेलं सरकारी घड्याळ लोकांना नुसतं घड्याळ वाटलंच नाही.

मुंबई महापालिकेने त्याच वर्षी ठरवलं, आमची घड्याळं बॉम्बे टाइमच दाखवणार. मग काय, व्हीटी स्टेशनात एक वेळ आणि समोर महापालिकेच्या कारभारात दुसरी. हे एक-दोन वर्षं नाही, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही काळ चाललं! मध्ये दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, सरकारने स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे नेला होता. तेव्हा बॉम्बे टाइमशी फरक झाला 1 तास 39 मिनिटं.

मला या गोष्टीत एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दोन घड्याळं सांभाळणं मुंबईकरांना कधीच जड गेलं नाही. रेल्वेच्या वेळेबरोबर ते वर्षानुवर्षं जगले. भांडण पेटलं ते 'आता हीच एक वेळ' असा हुकूम आल्यावर.

अर्थात एकसारखी वेळ ही खरी गरज आहे. तेव्हा रुळांना होती, आज नेटवर्कला आहे. अनेक कंपन्यांच्या विंडोज नेटवर्कमध्ये तुमच्या मशीनची वेळ सर्व्हरपेक्षा 5 मिनिटांहून जास्त चुकली, तर लॉगिनच अडू शकतं. म्हणून अॅडमिन मूळ वेळेला कुलूप लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण स्क्रीनवर जादा घड्याळ दाखवल्याने ती मूळ वेळ जराही हलत नाही. तेव्हा तुमच्या ऑफिसात तीही सोय बंद असेल, तर आयटीवाल्यांकडे बिनधास्त मागा. आणि रात्री साडेदहाचा कॉल कोणाच्या घड्याळाने ठरला, हेही एकदा विचारा. गिरणी कामगारांचा प्रश्न तोच होता.

भेटूया पुढच्या भागात!