मोटारीची वही

आमच्या घरी खंडेनवमीला पूजेच्या पाटावर नानांचा स्टेथॉस्कोप, आईची विळी, माझी कंपासपेटी आणि बारा-तेराचा एक पाना अशी शस्त्रे ओळीने मांडलेली असत. पान्यालाही हळदकुंकू लागे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, फियाटच्या नाकावर झेंडूची माळ चढे आणि चारही चाकांखाली लिंबे जात. नाना स्वतः फारसे देवभोळे नव्हते. "लिंबू ठेवा, पण आधी हवा तपासा," असे ते म्हणत आणि माळ मात्र स्वतःच्या हाताने बांधत.

नाना वाईला डॉक्टर होते. १९६१ साली त्यांनी एक वापरलेली फियाट अकराशे घेतली, आणि त्याच दिवशी काळ्या पुठ्ठ्याची एक वहीही घेतली. मैल, पेट्रोल, मोबिल ऑइल, हवा, ग्रीस आणि शेरा असे तिच्यात रकाने पाडले होते. रोग्यांच्या कागदांवर कंपाउंडरखेरीज कुणाला न वाचता येणारे त्यांचे अक्षर या वहीत मात्र मोत्याच्या दाण्यासारखे असे. नाना गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. तिच्यात १९६६ च्या मार्गशीर्षातली एक नोंद आहे. तिचा अर्थ माझ्याखेरीज कुणाला लागायचा नाही. ती मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी मोटार आणि तिची निगा यांची थोडी कुळकथा सांगायला हवी, कारण नानांची ती नोंद या कुळकथेतच कुठेतरी बसते.

मोटारीची पहिली दुरुस्ती कुणी केली, असे विचारले तर बहुतेक लोक एखाद्या मिस्त्रीचे नाव सांगतील. खरे उत्तर निराळे आहे. ती एका गृहिणीने केली. कार्ल बेन्झ या जर्मन इंजिनिअरने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पण गाडी विकत घ्यायला कुणी पुढे येईना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. माहेरची ओढ माणसाला काय काय करायला लावते पाहा! वाटेत पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला, तो तिने टोपीची पिन घालून काढला. विजेची तार उघडी पडली, तिच्यावर तिने मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानात जाऊन तिने कपड्यांचे डाग काढायचे लिग्रोइन विकत घेतले. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराला गाठून तिने त्यांवर कातडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. त्यातला थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा होता. हे वय लक्षात ठेवावे. मला ते विसरता येत नाही.

या एका प्रवासात मोटारीच्या निगेचे सगळे शास्त्र येऊन गेले, असे मला वाटते. इंधनाची वाट स्वच्छ हवी, वीज गळता कामा नये, पाणी वरचेवर घालायला हवे आणि ब्रेक झिजतात. पुढे सव्वाशे वर्षे माणसाने जे केले ते याच चार गोष्टींभोवती.

सुरुवातीच्या श्रीमंत मालकांनी ही कटकट स्वतः केली नाही. त्यांनी त्यासाठी माणूस ठेवला. 'शोफर' हा फ्रेंच शब्द मुळात भट्टी पेटवणाऱ्याचा. गाडी हाकणे हे त्याच्या कामातले सोपे काम. इंजिन तापवणे, तेल घालणे, फाटलेले टायर बदलणे हा त्याचा खरा धंदा. मालक मोटारीखाली शिरला तो फोर्डच्या 'मॉडेल टी'मुळे. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटीहून अधिक संख्येने बनली, आणि ती घेणाऱ्या शेतकऱ्याला शोफर कुठून परवडणार? तिच्यात तेल पाहायची सळईसुद्धा नव्हती. इंजिनाच्या तळाशी एकावर एक अशा दोन बारीक तोट्या असत. जमिनीवर आडवे व्हायचे नि त्या उघडायच्या. वरच्या तोटीतून तेल आले तर जास्त झाले, खालच्या तोटीतूनही आले नाही तर घालायलाच हवे. पेट्रोल बैठकीखालच्या टाकीत काठी बुडवून मोजायचे. ते आपल्याच वजनाने इंजिनाकडे वाहत जाई, म्हणून टाकीत थोडेच उरले असताना उभा चढ आला की गाडी उलटी फिरवून पाठमोरी चढवावी लागे. आपल्या घाटांत हे दृश्य कसे दिसले असेल याची मला नेहमी कल्पना येते आणि हसू आवरत नाही.

हँडल मारणे हा हसण्याचा विषय नव्हता. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, हा पहिला धडा असे. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि कितीतरी मनगटे वाचली. मोटारीच्या इतिहासात शर्यती जिंकणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत छापतात. मला विचाराल तर केटरिंगचे नाव त्यांच्या वर छापायला हवे.

ग्रीसची गोष्ट मी थोडक्यात आटोपतो, कारण ती करताना अजूनही माझी कंबर दुखते. जुन्या मोटारीच्या सांध्यासांध्यांना वंगण लागे. ऑस्कर झर्क याने काढलेल्या ग्रीसच्या निपलचे पेटंट १९२९ सालचे. आमच्या फियाटची अशी सगळी निपले नानांनी वहीच्या शेवटच्या पानावर नकाशा काढून दाखवली आहेत, शरीरशास्त्राच्या पुस्तकात नाडीची स्थाने दाखवावीत तशी.

आता ब्रेक. बेर्टाच्या ठोकळ्यांनंतर कितीतरी वर्षे ब्रेक म्हणजे सळया आणि तारा. चारही तारा सारख्या ताणल्या नाहीत, तर गाडी दाबलेल्या ब्रेकसरशी एका बाजूला फिरे. यावर माल्कम लॉकहीड या अमेरिकनाने तोड काढली. विमानांच्या धंद्यात ज्यांचे नाव झाले त्या भावांतलाच हा एक. तारेऐवजी नळी, नळीत द्रव. द्रव दाबला की चारही चाकांवर सारखाच दाब. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत हे ब्रेक चारही चाकांना आले आणि १९२४ साली क्रायस्लरने ते सर्वसामान्यांच्या गाडीत आणले. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत दाद दिली नाही. आरंभी नळीतला द्रव अडवायला कच्च्या कातड्याच्या वाट्या होत्या, त्या गळत. मग रबराच्या वाट्या आल्या. आणि द्रव कोणता? वाचकांना नवल वाटेल, पण जुन्या काळी त्यात मुख्यत्वे दोन वस्तू असत: अल्कोहोल आणि एरंडेल! आजीबाईच्या बटव्यातल्या या तेलाची निवड उगीच झाली नव्हती. रबराला एरंडेल सोसते. जमिनीतून निघणारे खनिज तेल सोसत नाही. त्यात रबर फुगते, मऊ पडते आणि कामातून जाते. पुढे एरंडेलाच्या जागी ग्लायकोलचे द्रव आले, पण तो रबराचा नियम बदलला नाही. तो द्रव तेल नव्हेच, तरी आमच्याकडे सगळे त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणत. आजही म्हणतात.

त्या काळी आपल्याकडे मोटार म्हणजे जन्माची सोबत. मुंबईत टॅक्सी १९११ सालीच आली होती आणि पुढे परदेशी कंपन्या तेथे गाड्या जोडतही होत्या. पण स्वातंत्र्यानंतर सरकारने जोडणीपेक्षा उत्पादनावर भर दिला, तेव्हा १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथला गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या गाड्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याला बनणारी फियाट आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर या त्यांतल्या ठळक. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. साहजिकच हाती असलेली गाडी मालक मुलासारखी जपत. दर रविवारी सकाळी आमच्या वाड्याच्या चौकात बॉनेट उघडे. प्लग काढून पॉलिश कागदाने घासायचे, पॉइंटची फट पाहायची, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा. मी पंधरा वर्षांचा झालो तेव्हा नानांनी पाणी, हवा आणि तेल ही तीन खाती माझ्याकडे दिली. सगळ्या डब्या मला बोट ठेवून दाखवल्या.

त्या रविवारी ब्रेकच्या डबीत द्रव कमी दिसला. नानांना रोगी पाहायला कुणीतरी बोलावून नेले होते. 'ब्रेक ऑइल' म्हणजे ऑइल, आणि ऑइलचा डबा तर समोरच होता. मी मोबिल ऑइलने डबी काठोकाठ भरली आणि मोठ्या रुबाबात वहीत खूण केली.

चारपाच दिवसांनी नाना पाचगणीला रोगी पाहायला निघाले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर. पसरणीचा घाट चढताना गाडी जड वाटू लागली. वर पोहोचल्यावर नानांनी चाकाला हात लावला तो भाजला. आठवड्यापूर्वीच फिटरने ब्रेक आवळले होते. ते फार आवळले गेले असावेत, असा त्यांनी तर्क केला. गाडी दोन तास निवू दिली. चाके सुटी झाली, आणि आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरू लागलो.

निम्मा घाट उतरला असेल. जळक्या रबराचा वास आला आणि नानांचा पाय एकदम खाली गेला. पेडल जमिनीला टेकले होते. ते काही बोलले नाहीत. स्टिअरिंगखालचा गिअर त्यांनी जोर लावून पहिल्यात घातला, इंजिन किंचाळले. दुसऱ्या हाताने हातब्रेक ओढत त्यांनी गाडी दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या गटारात घातली. मडगार्ड खडकावर खरवडत गेले आणि आम्ही थांबलो. खाली कृष्णेचे पात्र आणि वाईची देवळे दिसत होती. कितीतरी वेळ फक्त रेडिएटरची वाफ फुसफुसत होती.

वाईहून मिस्त्री आला. संध्याकाळी त्याने मुख्य सिलिंडर खोलला आणि आतले रबर तळहातावर ठेवले. फुगून त्याचा वडा झाला होता. मिस्त्रीने बोटाला वास घेतला. "डॉक्टरसाहेब, यात मोबिल पडलंय. कोणी घातलं?"

मी कंदील धरून उभा होतो. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याच हातून पडलं असेल. रात्री घाईत भरलं होतं."

चारही चाकांची रबरे बदलली. नळ्या धुवायला दवाखान्यातल्या स्पिरिटच्या बाटल्या आणल्या. दोन दिवस आमच्या चौकाला इंजेक्शनचा वास येत होता. मी कबुली दिली नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असे करता करता मी शिकायला पुण्यास गेलो. नाना १९८९ साली वारले. दिवस झाल्यावर वही चाळताना ती नोंद पहिल्यांदा वाचली. 'पसरणी. ब्रेकमध्ये मोबिल. दोष माझा. मुलाला डबी दाखविली, कारण सांगितले नाही.' त्याच्या वरच्या ओळीत माझी रुबाबदार खूण आहे. ती त्यांनी खोडलेली नाही.

तोवर मोटारींचे युग पालटले होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मालकाचे हात स्वच्छ राहू लागले. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कार्ब्युरेटर गेले, पॉइंट तर पोरांना ठाऊकही नाहीत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आमच्या फियाटचीच ती धाकटी बहीण. वर्तमानपत्रातला तिचा फोटो मी कापून वहीत ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र टिकून आहे. ग्लायकोलचा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट-३ जातीचा नवा द्रव निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेला १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकतो, आणि घाटात ब्रेक तापले की नळीत वाफ होऊन पेडल पोकळ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तो बदलायचा. गाडी चालो वा न चालो.

यंदा दसऱ्याला माझ्या नातीने विजेवर चालणारी गाडी आणली. तिला तेल नको, प्लग नको, पंख्याचा पट्टा नाही. "आजोबा, हिच्यात तुमच्या वहीला काहीच काम नाही," असे म्हणत तिने बॉनेट उघडून दाखवले. एका कोपऱ्यात ती अर्धपारदर्शक डबी होतीच. मी तिला जवळ बोलावले, झाकणावरची अक्षरे वाचायला लावली, आणि हा द्रव का, दुसरा का नाही, ते एरंडेलापासून सांगू लागलो. फराळाला हाका आल्या तेव्हा आम्ही अजून पसरणीच्या निम्म्या घाटात होतो, आणि डबीत मोबिल कोणी घातले हे तिने विचारले होते.