भूमीच्या टोकावरचे गास्पे

न्यूयॉर्क किंवा बोस्टनहून निघून हॅलिफॅक्समार्गे क्वेबेक शहराकडे जाणाऱ्या क्रूझ जहाजांपैकी काही जहाजे वाटेत गास्पे येथे एक दिवस थांबतात. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या पूर्व टोकाला, सेंट लॉरेन्सच्या आखातात घुसलेल्या द्वीपकल्पावर हे छोटे बंदर वसले आहे. मिकमाक या मूळ रहिवाशांच्या भाषेतील ‘गेस्पेग’ या शब्दावरून त्याला नाव मिळाले. अर्थ, भूमीचा शेवट. ॲपलाचियन पर्वतरांग येथे समुद्राला भिडते. चुनखडीचे उंच कडे थेट पाण्यात उतरतात आणि शरद ऋतूत मॅपलच्या पानांनी डोंगर तांबडे होतात. सहलपत्रिकांत या परिसराची ‘निसर्गरम्य’ या एका शब्दात बोळवण केलेली असते. हा किनारा इतका शांत आणि निर्मनुष्य कसा झाला, याची हकिगत मात्र त्यांत नसते.

जहाज उपसागरात नांगर टाकते आणि प्रवाशांना लाँचने किनाऱ्यावर आणले जाते. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए याचे पाऊल याच परिसरात पडले. २४ जुलै १५३४ रोजी त्याने येथे तीस फूट उंचीचा लाकडी क्रूस उभारून फ्रान्सच्या राजाचा जयजयकार कोरलेली पाटी त्यावर लावली. त्या वेळी सध्याच्या क्वेबेक शहराजवळचे इरोक्वाय लोक आपला प्रमुख दोनाकोना याच्यासह मासेमारीसाठी येथे आले होते. ही भूमी आमची आहे, असे दोनाकोनाने खुणांनी बजावले. क्रूस म्हणजे केवळ जहाजांसाठी खूण आहे, अशी बतावणी कार्तिएने केली आणि जाताना प्रमुखाचे दोन मुलगे सोबत फ्रान्सला नेले. पुढल्या वर्षी ते परत आले खरे. पण १५३६ मध्ये खुद्द दोनाकोनालाच नेण्यात आले. तो फ्रान्समध्येच वारला. क्रूस उभारल्याच्या घटनेला चारशे वर्षे झाली तेव्हा, १९३४ मध्ये, गास्पेत ग्रॅनाइटचा क्रूस उभारण्यात आला. शहरातील गास्पेझी संग्रहालयात या साऱ्या इतिहासाची ओळख होते. लाकडात बांधलेले १९६९ सालचे कॅथेड्रलही जवळच आहे.

बहुतेक प्रवासी मात्र शहरात न रेंगाळता पेर्सेची बस पकडतात. रस्ता सुमारे तासाभराचा. पेर्सेच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा असलेला प्रचंड खडक सुमारे ४३३ मीटर लांब आणि ८८ मीटर उंच आहे. ‘पेर्से’ म्हणजे भोक पडलेला. खडकाला आज एकच कमान दिसते. दुसरी १८४५ मध्ये कोसळली आणि तिचा एक खांब तेवढा सुळक्यासारखा उरला. खडकाची झीज अजूनही चालू असल्याने त्याच्या पायथ्याशी जाणे धोक्याचे मानले जाते. नौकेतून तो अधिक चांगला दिसतो.

हीच नौका पुढे बोनाव्हेंचर बेटाला वळसा घालते. येथील कड्यांवर गॅनेट या पांढऱ्याशुभ्र समुद्रपक्ष्यांची लाखावर संख्येची वसाहत आहे. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने तिला मोठा फटका दिला. गॅनेटचे एक प्रमुख खाद्य असलेला मॅकरेल, आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा, आखातात इतका घटला की त्याच वर्षी त्याची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. दोनाकोनाची माणसे येथे येत ती याच माशासाठी.

मासळीवरच हा सारा किनारा वसला. कॉड मासा चिरून, खारवून, लाकडी मांडवांवर वाळवायचा आणि युरोपला धाडायचा, हा येथला मुख्य धंदा. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाचा व्यापारी चार्ल्स रॉबिन १७६६ मध्ये येथे आला आणि त्याच्या पेढीने पुढे पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर जम बसवला. कोळ्याने पेढीच्या दुकानातून जाळी, पीठ, कापड उधारीवर उचलायचे आणि हंगामाअखेर मासळीने फेडायचे. रोख रक्कम क्वचितच हाती पडे. कॉडची संख्या ढासळल्याने १९९३ मध्ये आखातातील त्याच्या मासेमारीवर बंदी आली.

ज्यांना पक्ष्यांपेक्षा माणसांची गोष्ट जाणून घ्यायची आहे, त्यांनी पेर्सेऐवजी उपसागराच्या दुसऱ्या बाजूचे फोरियों राष्ट्रीय उद्यान निवडावे. एका दिवसात दोन्ही करू पाहणाऱ्याच्या वाट्याला बसची खिडकीच येते. १९७० मध्ये हे उद्यान स्थापन झाले. राष्ट्रीय उद्यानासाठी जमीन मोकळी करून हवी, ही केंद्र सरकारची अट होती; ती पुरी करण्यासाठी प्रांतिक सरकारने भूसंपादन केले. सुमारे २२५ कुटुंबे घराबाहेर पडली. शिवाय शेकडो लोकांच्या जमिनी आणि वनराई गेली. पर्यटनातून रोजगार मिळेल, असे आश्वासन होते. प्रत्यक्षात अनेक घरे पाडली गेली, काही जाळली गेली आणि मोबदला इतका तुटपुंजा ठरला की लोकांना न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने तो वाढवून दिला. गेलेली गावे काही परत आली नाहीत. बोनाव्हेंचर बेटावरील घरांचेही १९७१ मध्ये असेच झाले.

फोरियोंमधील लोकांचे हाल वाया गेले नाहीत, असे एका अर्थाने म्हणता येईल. या आणि शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील कूशिबूगुआक उद्यानाच्या कटू अनुभवानंतर राष्ट्रीय उद्यानांसाठी सक्तीने रहिवासी हलवण्याचे धोरण कॅनडाने सोडले. २०११ मध्ये कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहाने विस्थापितांची एकमताने माफी मागितली. चाळीस वर्षांनी!

उद्यानातील ग्रांद-ग्राव्ह या जुन्या कोळीवस्तीत हायमन यांचे दुकान जतन करून ठेवले आहे. कपाटांतून दोऱ्याच्या रिळांपासून रॉकेलच्या दिव्यांपर्यंत सारा माल मांडलेला दिसतो. डोल्बेल-रॉबर्ट्स घरात विस्थापित कुटुंबांची कहाणी सांगणारे प्रदर्शन आहे. येथून निघणारी पायवाट गास्पे भूशिरावरील दीपगृहापर्यंत जाते. वेळ थोडा असल्यास दीपगृहाचा मोह टाळून हे घर आधी पाहावे.

भारतीय पारपत्रधारकांना या प्रवासासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. जहाज अमेरिकेतून सुटणार असेल तर अमेरिकेचाही. उन्हाळ्यातही समुद्रावर बोचरा वारा असतो, त्यामुळे गरम कपडे हवेतच. दुकानांत प्रथम ‘बोंजूर’ म्हणावे. प्रांताची अधिकृत भाषा फ्रेंच आहे आणि तिचा अभिमान येथे कडवा आहे. गॅनेट ऑक्टोबरात दक्षिणेकडे निघून जातात, तेव्हा केवळ पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी सप्टेंबरच्या आतबाहेरची तारीख पाहावी. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. जहाजाच्या सहलीबरोबर गेलेल्यांसाठी जहाज थांबते, स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी ते थांबेलच असे नाही.