वढू ते कुरकुंभ : औषधांच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. दौंड तालुक्यातले कुरकुंभ माहीत आहे ते फिरंगाईच्या देवळामुळे आणि पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना नाकाला झोंबणाऱ्या वासामुळे. औषधांचा अभ्यास करणाऱ्याला ही दोन्ही गावे आणखी एका कारणाने जवळची वाटतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत सिप्ला आणि एमक्युअरसारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत. गोळीत जो मूळ गुणकारी पदार्थ असतो, ज्याला तिथले कामगार ‘बल्क ड्रग’ किंवा ‘एपीआय’ म्हणतात, तो अशा कारखान्यांच्या रिअॅक्टरमध्ये तयार होतो. वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे आणि तिथे नव्या लशींच्या चाचण्या होतात. म्हणजे औषध बनते कसे आणि ते लागू पडते की नाही हे ठरते कसे, या दोन्ही गोष्टी आपल्या शेजारच्या तालुक्यांत पाहायला मिळतात. पुस्तकातून या विषयाकडे येणाऱ्यांना जे सहसा मिळत नाही, ते इथल्या वाचकाच्या दारात आहे.

औषध कंपन्यांबद्दल लोक जे विचारतात ते मी मनापासून गंभीर मानतो. आमच्यावर प्रयोग करतात का? स्वस्त गोळीत दम असतो का? नवे औषध एवढे महाग का? डॉक्टर नेमकी हीच कंपनी का लिहितात? कारखान्याच्या पाण्याचे काय? यातला एकही प्रश्न अडाणीपणाचा नाही. अडचण एवढीच की आपण या सगळ्यांना मिळून एकच उत्तर शोधतो : कंपन्या चांगल्या की वाईट? तसे उत्तर मिळत नाही, कारण प्रत्येक प्रश्नाचा पुरावा वेगळ्या जागी ठेवलेला असतो. लस लागू पडते का, हे चाचणीच्या आकड्यांत. बाटलीत काय आहे, हे प्रयोगशाळेच्या अहवालात. किंमत कुठून आली, हे कायद्यात आणि पेटंटच्या फायलीत. एका जागचा पुरावा दुसऱ्या जागी चालत नाही. ज्या कंपनीने डॉक्टरांना भेटी वाटल्या तिचे औषध निकामी असेलच असे नाही, आणि ज्या कंपनीचे औषध उत्तम तिचे सांडपाणी स्वच्छ असेलच असेही नाही. या अभ्यासात शिरताना ही एक सवय लावून घेतली तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

वढूपासून सुरुवात करू. केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात इथे काम उभे केले आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केले. त्यांना 1993 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून या परिसरातल्या गावांमध्ये घरोघरच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नियमित नोंद होते. चाचणीसाठी अशा नोंदी फार मोलाच्या असतात, कारण किती मुले होती, किती आजारी पडली, किती गाव सोडून गेली, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

2011 साली सुरू झालेल्या रोटाव्हॅक लशीच्या मोठ्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुणे जिल्ह्यातला हा ग्रामीण भागही होता. एकूण 6,799 तान्ही मुले त्यात सहभागी झाली. दोन तृतीयांश बाळांना लस दिली, एक तृतीयांश बाळांना तशाच दिसणाऱ्या द्रवाचे थेंब. कोणाला काय मिळाले हे आईबापांना माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांचे प्रमाण लशीच्या गटात सुमारे 54 टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा नीट वाचायला हवा. शंभरातल्या 54 मुलांवर लस चालते आणि 46 मुलांवर चालत नाही, असा त्याचा अर्थ नाही. लस न घेतलेल्या मुलांमध्ये जिथे शंभर तीव्र दुखणी झाली असती, तिथे लस घेतलेल्या तेवढ्याच मुलांमध्ये ती सुमारे 46 झाली, असा आहे. हा आकडा अर्धवट वाटतो, पण ज्या देशात जुलाबाने मुले मोठ्या संख्येने दगावत होती तिथे त्याचे मोल फार होते. 2016 पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस टप्प्याटप्प्याने आली.

याच चाचणीवर गंभीर आक्षेपही घेतले गेले. परदेशात मान्यता मिळालेल्या लशी तेव्हा उपलब्ध होत्या, मग काही मुलांना नुसते थेंब देणे योग्य होते का? आतडे आतड्यात अडकण्याच्या दुर्मीळ त्रासाबद्दल प्रत्येक केंद्राचे आकडे वेगळे जाहीर करावेत, अशी मागणी काही तज्ज्ञांनी न्यायालयापर्यंत नेली. लस उपयोगी आहे असे मी मानतो आणि ही मागणीही रास्त होती असे मानतो. ज्या गावांनी आपली बाळे चाचणीत दिली, त्या गावांना आपले आकडे पाहण्याचा हक्क आहे.

चाचणीचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते, हे समजून घ्यायला पुणे जिल्ह्यातल्याच गावांतले दुसरे उदाहरण आहे. गोवराची लस सुईऐवजी श्वासातून, बारीक फवाऱ्याने देता येईल का, हे 2,004 मुलांवर तपासले गेले आणि निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुईने लस दिलेल्यांपैकी 94.7 टक्के मुलांत प्रतिकारशक्ती दिसली, फवाऱ्याने दिलेल्यांपैकी 85.4 टक्के मुलांत. फवारा मागे पडला. सुई टोचायची नाही, शिकलेला हात लागत नाही, सगळ्यांनाच हवीशी वाटणारी ही कल्पना होती. तरी आकडे जसे आले तसे छापले गेले. ‘प्रयोग करतात का’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘हो’ असेच आहे. त्यापुढचे प्रश्न जास्त महत्त्वाचे : संमती समजावून, मराठीत, नाही म्हणायची मोकळीक देऊन घेतली का? चाचणीची नोंद देशाच्या नोंदवहीत आहे का? ही नोंद 2009 पासून सक्तीची आहे आणि कोणालाही पाहता येते. इजा झाली तर भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.

स्वस्त गोळीचा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर रोज निघतो. ‘जेनेरिक नको, चांगल्या कंपनीची द्या,’ असे म्हणणाऱ्या माणसाची भीती पोकळ नाही. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने नंतर अहवाल दिला आणि पुरवठादारापासून औषध प्रशासन व मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी केली. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या सिरपने आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयांत आली, अनेक दगावली, आणि सिरपमध्ये तेच द्रव्य सापडले. मधे जवळपास चाळीस वर्षे गेली होती. हे लिहिताना राग आवरत नाही, कारण ही भेसळ पकडणारी तपासणी अवघड नाही. ती कच्च्या मालाचे पिंप उघडतानाच करायची असते.

मात्र या दोन्ही घटनांतला दोष स्वस्तपणाचा नव्हता, तो तपासणी न होण्याचा होता. जेनेरिक आणि ब्रँडची गोळी कित्येकदा एकाच कारखान्यातून निघते आणि फरक वेष्टनाचा असतो. खरा शास्त्रीय प्रश्न वेगळा आहे : गोळी पोटात गेल्यावर मूळ औषधाएवढीच रक्तात उतरते का? पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही तुलना भारतात 2017 पासून बंधनकारक झाली. त्याआधी चार वर्षांहून जुन्या औषधांना ती माफ होती. ‘कोणती कंपनी’ याऐवजी ‘ही तुलना झाली आहे का’ असे विचारणारा ग्राहक मला पाहायचा आहे.

किमतीकडे वळू. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी डायमिथिल अमाइनपासून बनते, आणि अमाइन कुळातली रसायने कुरकुंभमध्येच तयार होतात. असे जुने, पेटंट संपलेले, अनेकांनी बनवलेले औषध स्वस्त असते. आवश्यक औषधांच्या यादीत असेल तर 2013 च्या आदेशानुसार कमाल किंमत ठरते : बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या किमतींची सरासरी, अधिक दुकानदाराचे 16 टक्के. बनवायला खर्च किती आला, हे या सूत्रात कुठेच येत नाही. माझ्या मते आपल्या किंमत-धोरणातला हा सर्वांत मोठा दोष आहे. बाजारच महाग असेल तर सरासरीही महागच येते.

नव्या औषधांची गोष्ट पेटंटची आहे. 1970 च्या कायद्याने भारतात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणे बंद झाले, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागले. वेगळ्या पद्धतीने तोच पदार्थ बनवण्यात आपले रसायनतज्ज्ञ तरबेज झाले. म्हणूनच 2001 मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ शकले, जेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. 2005 पासून पदार्थावरचे पेटंट परत आले, पण जुन्याच औषधाचे थोडेसे बदललेले रूप पुन्हा पेटंट करू नये असे कलम 3(डी) सोबत आले. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी कर्करोगाच्या ग्लिव्हेकबाबत नोव्हार्टिसचा दावा याच कलमाच्या आधारे नाकारला.

मला त्याहून जवळचे वाटते ते बेडाक्विलिनचे प्रकरण. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे हे औषध. त्यावरचा जुना एकाधिकार 2023 मध्ये संपत होता, आणि त्याच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षांचे पेटंट कंपनीने मागितले होते. त्याला 2019 मध्ये विरोध नोंदवणाऱ्यांत मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले होत्या. दोघीही क्षयातून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती जुन्या विषारी इंजेक्शनांनी गेलेली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मंजुरीपूर्वी पेटंटला विरोध करण्याचा हा मार्ग आपल्या कायद्यात आहे, आणि रुग्णांनी तो वापरला. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून अभ्यासावे.

डॉक्टर आणि कंपन्यांचे विक्री-प्रतिनिधी (एमआर) यांच्या नात्याबद्दल थोडक्यात सांगतो. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषध-वापराचा अभ्यास करून 1998 मध्ये पुस्तक लिहिले, आणि अनावश्यक औषधांचा प्रश्न गावपातळीवरच्या माहितीने मांडला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर कंपन्यांना करसवलत मिळणार नाही, असे ठरवले. 2024 ची आचारसंहिता भेटी आणि सहलींना मनाई करते, पण तिच्यामागे शिक्षेचा कायदा नाही.

राहिला कुरकुंभच्या माणसाचा पहिला प्रश्न, पाण्याचा आणि वासाचा. विहिरींच्या पाण्याबद्दल परिसरातली गावे वर्षानुवर्षे तक्रार करत आली आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये तिथल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली तेव्हा लोकांना रात्री घरे सोडावी लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये पोलिसांनी याच वसाहतीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन हे अमली द्रव्य पकडले, आणि शेजारच्या शेडमध्ये काय शिजते हे गावाला कळत नाही, हे उघड झाले. प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. कोणते रसायन किती टन, किती सांडपाणी, ते कुठे सोडायचे, हे त्यात लिहिलेले असते. ते गावात मोठ्याने वाचले जावे, असे मला फार वाटते.

पण एका गोष्टीसाठी वाचायला नियमच नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातून प्रतिजैविके नदीत गेली तर तिथले जंतू त्यांना सरावतात आणि पुढे तीच औषधे आजाऱ्यावर चालत नाहीत. जानेवारी 2020 च्या केंद्राच्या मसुद्यात अशा अवशेषांच्या मर्यादा होत्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळल्या गेल्या. दौंडजवळून भीमा वाहते, खाली उजनी आहे. या पाण्याचे नमुने घेणारी, ते मोजणारी आणि निकाल मराठीत लिहिणारी माणसे या अभ्यासाला हवी आहेत, आणि ती इथल्याच महाविद्यालयांतून यावीत अशी माझी इच्छा आहे.