विल्यम मॉरिसचा माग आणि आपली पैठणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या पूर्वेतिहासातील एखादे प्रकरण आम्ही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. त्याच सुमारास पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या पुतणीने एक लहानशी लाकडी चौकट विकत आणली, आणि सुटीच्या दिवशी ती तिच्यावर लोकरीची वेलबुट्टी विणू लागली. या विलायती छंदास टॅपेस्ट्री म्हणतात, असे तिने आम्हांस मोठ्या कौतुकाने सांगितले. ज्या घरात तिच्या आजोबांच्या काळापर्यंत माग चालत होता, त्या घरच्या मुलीने विणकाम हे परदेशचे नवल म्हणून शिकावे, याचे आम्हांस हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. तेव्हा या छंदाचीच कुळकथा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावी असे आम्ही ठरविले.

साध्या कापडात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत तसे नसते. जेथवर तांबडे फूल तेथवरच तांबडा धागा जावयाचा आणि तेथूनच माघारी फिरावयाचा. शेजारच्या हिरव्या पानाची कांडी वेगळी. वडीलधाऱ्या वाचकांच्या एव्हाना ध्यानी आलेच असेल की, पैठणीचा पदर याच रीतीने विणला जातो. असावलीची वेल, मुनिया, बांगडीमोर हे सारे भरतकाम नव्हे, वीणच आहे. आपले कारागीर दोन रंगांचे धागे सीमेवर एकमेकांत अडकवितात, म्हणून मध्ये फट राहत नाही. युरोपात पुष्कळदा ती फट राहू देत आणि मागाहून सुईने शिवून घेत.

त्या खंडात या कलेस मोठा राजाश्रय होता. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६६२ साली पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यास राजकारखान्याचे स्वरूप दिले. परंतु पुढे तेथे चित्रकारांच्या तैलचित्रांची हुबेहूब नक्कल करणे हीच थोरवी ठरली. त्याच कारखान्यातील रंगशाळेचे प्रमुख शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकात रंगांच्या १४,०००हून अधिक छटांची वर्गवारी केली. विद्वत्ता खरी, पण विणकराच्या स्वतःच्या बुद्धीस तेथे जागा किती उरली असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

अशा काळात इंग्लंडात विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) हा गृहस्थ या कलेकडे वळला. तो कवी होता, आणि भिंतीचे कागद व छापील कापड यांचा नामांकित व्यापारीही होता. १८७९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने लंडनजवळच्या हॅमरस्मिथ येथील घरात चक्क आपल्या निजावयाच्या खोलीत उभा माग मांडला. शिकविणारा कोणी नव्हता. एक जुने फ्रेंच पुस्तक समोर ठेवून तो पहाटे उठून मागापुढे बसे आणि मग दिवसाच्या उद्योगास लागे. १० मे ते १७ सप्टेंबर या अवधीत त्याने मागावर ५१६ तास घालविले. प्रत्येक दिवसाचा हिशेब त्याने वहीत टिपून ठेवला होता. पहिल्याच कामातील भारदस्त पाने अशी काही फुगली की, त्या पटास 'कोबी आणि वेल' असे थट्टेचे नाव पडले. तो पट आजही केल्मस्कॉट येथील त्याच्या जुन्या घरात जपलेला आहे. पुढे १८८१ साली त्याने मर्टन अ‍ॅबी येथे कारखाना नेला, आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या डर्ल याने इतर मुलांना ही विद्या दिली. एका माणसाच्या पहाटेच्या छंदातून पुन्हा एक परंपरा उभी राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मॉरिसच्या घरची चूल त्या ५१६ तासांवर पेटत नव्हती. येवल्यात साळी, कोष्टी, खत्री अशा घरांतून जी माणसे मागावर बसली, त्यांची मात्र पेटत होती. विणलेले उसवले तर त्या दिवसाची मजुरी बुडत असे. आमचा माग बंद पडला तो हौस संपली म्हणून नव्हे, तर त्यावर कुटुंब पोसेना म्हणून. मॉरिसलाही हे शल्य होते. आपला माल श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जातो हे त्याला कळत होते, आणि १८८३ साली तो समाजवाद्यांच्या पक्षात सामील झाला. म्हणून छंदाने धंदा तरेल, असे आम्ही कोणास सांगणार नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रावरची नक्कल पैठणी म्हणून सर्रास विकली जाते, आणि आपल्याच लग्नकार्यात ती घेतलीही जाते! ज्याने स्वतः वीतभर वेल विणली आहे, तो मात्र पदर उलटून पाहील. मागे सुटे तरंगते धागे दिसले तर तो ओळखेल, आणि हातमागाची किंमत ऐकून भुवया उंचावणार नाही.

गेल्या दिवाळीत पुतणीने ती चौकट घरी आणली. विणकाम मधोमध आक्रसून डमरूसारखे झाले होते. आमच्या मातोश्रींनी सून म्हणून या घरात आल्यावर कित्येक वर्षे कांड्या भरल्या. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी काठावरून नुसते बोट फिरविले.

"अगं, ओढतेस कशाला? बाणा कमानीसारखा सैल टाक, आणि मग ठोक."

"आजी, तुला टॅपेस्ट्री येते?" मुलीने विचारले.

मातोश्रींना तो शब्द काही कळला नाही. त्यांनी चौकट मांडीवर ओढून घेतली. मुलीने चार बोटे वीण उसविली, आणि दोघी पुन्हा आरंभापासून बसल्या.